बिअरच्या चोथ्याचा पाव: वरून वीट, आतून लापशी

काळाचौकीकर
शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न पावाचा आहे, बिअरचा नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर इथे गाडी भलत्याच रुळावर जाते.

माझा भाचा लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारात बिअर बनवतात तिथे कामाला लागलाय. त्याच भागात माझे वडील साचेखात्यात (मागांवर) होते. त्यांचा नातू आता तिथे बिअर गाळतो. असो. बिअरसाठी सातू (बार्ली) गरम पाण्यात मुरवून त्याचं गोड पाणी काढून घेतात, आणि जो चोथा उरतो तो पिंपांत भरून तबेल्याला जातो. गेल्या महिन्यात पठ्ठ्या त्यातला तीनेक किलो डब्यात घालून घरी घेऊन आला. "मामा, बाहेरदेशी याचा ब्रेड करतात, तू करून बघ." बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून मी घरी पाव भाजतो हे नातेवाइकांत पसरलंय. साधा पाव मला बरा जमतो. बायको सोडून सगळे तसं म्हणतात.

चोथा दिसायला शिजवलेल्या लापशीसारखा, पण वास काय सांगू! लहानपणी हॉर्लिक्सची बाटली उघडली की यायचा तसा. त्या वासालाच भुललो.

पहिला प्रयत्न: ५०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम चोथा, ३०० मिली पाणी, चमचाभर मीठ, यीस्टचं छोटं पाकीट आख्खं. मळताना दोन्ही हात असे बरबटले की नळ सोडायला बायकोला हाक मारावी लागली. पाऊण तासात पीठ भांड्याबाहेर. मी खूश. ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) १८० वर ४० मिनिटं. वरून वीट झाली. सुरी घातली तर आतून लापशीच परत बाहेर आली, जशी गेली होती तशी. पुन्हा अर्धा तास भाजला. वीट आणखी पक्की झाली, लापशी लापशीच राहिली.

दुसऱ्या खेपेला पीठ हाताला लागेनासं होईपर्यंत मैदा घालत गेलो. तो पाव फुगलाच नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला तुकडा नेऊन दाखवला, चाळीस वर्षं लादीपाव लावतोय, त्याला कळेल म्हणून. त्याने मोडला, हुंगला आणि म्हणाला, "काका, ये तो भैंस का खाना है."

तिसरी खेप भट्टीपर्यंत पोचलीच नाही. चोथा रात्रभर ओट्यावर राहिला. सकाळी झाकण उघडलं आणि शेजारच्या बिऱ्हाडातून विचारणा आली, "तुमच्याकडे कोणाला उलटी झाली का?"

घरात आणखी दोन पेच आहेत. आई, वय ८४. पहिल्या पावाचा तिने एक घास घेतला तर कवळीखाली तूस गेलं, ते काढण्यात संध्याकाळ गेली. वर तिचं म्हणणं, दारूच्या भट्टीतली वस्तू देव्हाऱ्यापासून पाच फुटांवर नको. मी म्हणतो यात दारू नाही, पण छातीठोक सांगता येत नाही. आणि मला शुगर. चोथ्यातली साखर निघून गेलेली असते, म्हणून हा पाव मला चालतो असं भाचा सांगतो. खरं का?

जाणकारांनी सांगावं. कृपया यूट्यूबच्या लिंका टाकू नयेत, त्यांतले ओव्हन माझ्या मोरीएवढे असतात.


मैदाबाई
शनिवार, सकाळी ६:१५

काका, भाजण्यात काही चुकलेलं नाही, हिशेबात चुकलंय. आणि म्हणे बँकेत होतात!

ओल्या चोथ्यात तीन चतुर्थांशाच्या वर पाणीच असतं. तुमच्या ३०० ग्रॅममध्ये निदान २२५ ग्रॅम पाणी आलं, वर तुम्ही ३०० ओतलंत. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला सव्वापाचशे पाणी. आपला साधा पाव शंभर ग्रॅम मैद्याला साठ-पासष्ट पाण्यात होतो. तुम्ही धिरड्याचं पीठ भिजवून पावाच्या साच्यात ओतलंत, मग लापशी होणार नाही तर काय? दुसऱ्या खेपेला पाण्याचा हिशेब न करता मैदा वाढवलात, त्यात मीठ-यीस्टचं प्रमाण गेलं आणि चोथ्याने मैद्याचा जीव काढला तो वेगळाच.

आधी एक करा. १०० ग्रॅम चोथा तव्यावर मंद आचेवर अगदी कोरडा, कुरकुरीत होईपर्यंत परता आणि पुन्हा वजन करा. जेवढं घटलं तेवढं पाणी. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. मग बाकीचा चोथा पंच्यात बांधून, चक्क्याला टांगतो तसा टांगायचा आणि शेवटी पिळायचा. पिळलेला चोथा मिक्सरमधून फिरवायचा. गंध उगाळल्यासारखा नको, रव्याइतका बारीक झाला की थांबा. सालं बारीक झाली की आईंच्या कवळीचाही प्रश्न बराचसा मिटेल.

प्रमाण: ४०० मैदा, १०० कणीक, पिळून वाटलेला चोथा १२०. यापुढे जाऊ नका, निदान पहिले चार पाव तरी. पाणी २६०, आणि २० बाजूला ठेवा, लागलं तर घ्या. मीठ १०, तेल १५, गूळ १०. यीस्ट फक्त ३ ग्रॅम. पाकीट आख्खं घालायला आपण काश्मिरात राहत नाही. ३२ डिग्रीच्या स्वयंपाकघरात पीठ धावत सुटतं, फुगलेलं दिसतं पण आत बळ नसतं. पाणी फ्रिजमधलं गार घ्या.

आता मुख्य गोष्ट. चोथा सुरुवातीला घालायचा नाही. सातूची सालं धारदार असतात, मळताना मैद्याचे धागे कापत जातात. आधी मैदा-कणीक-पाणी-यीस्ट-मीठ एवढंच घेऊन दहा-बारा मिनिटं मळा. पुरणपोळीची कणीक तिंबून तार येईपर्यंत ओढतो ना, तोच अंदाज. सुपारीएवढा गोळा घेऊन चारी बाजूंनी ताणला तर पलीकडचं बोट दिसेल असा पडदा व्हायला हवा. पडदा आला की तेल, आणि सगळ्यांत शेवटी चोथा, मनुका घालतो तसा, हलक्या हाताने दुमडत.

ओटीजी २० मिनिटं आधी तापवा, २३० वर. पाव आत गेला की २२० वर १५ मिनिटं, मग १९० वर २५. १८० वर ४० मिनिटं हे केकचं गणित आहे. आतलं तापमान ९५ च्या आसपास गेलं की झाला. स्वयंपाकाचा थर्मामीटर क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. भाजून झाल्यावर दोन तास जाळीवर. गरम कापलात तर चांगला झालेला पावसुद्धा आतून चिकट लागतो.

शुगरबद्दल खरं सांगू? राग मानू नका. १२० ग्रॅम पिळलेल्या चोथ्यात कोरडा माल जेमतेम ३५ ग्रॅम. त्यातला निम्मा तंतू धरा. पावाचे बारा काप केले तर एका कापात दीड ग्रॅमही तंतू येत नाही, आणि मैदा-कणीक मात्र ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे जवळजवळ दीड पोळी. पोटाला बरा, चवीला छान, पण शुगरचं औषध नव्हे. भाच्याला म्हणावं, गोळ्या चालू आहेत.


सातूवाला
शनिवार, दुपारी १:०५

मी याच धंद्यात आहे, म्हणून आईंसाठी लिहितो.

भरडलेला सातू (आधी मोड आणून वाळवलेला असतो, आपण नाचणीचं सत्त्व करताना आणतो तसे मोड) साधारण ६५ ते ६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर मुरवतात. त्यात पिठूळपणाची साखर होते. ते गोड पाणी खालून काढून घेतात, वरून आणखी गरम पाणी सोडून उरलीसुरली साखर धुऊन घेतात. चोथा इथेच बाजूला होतो. मग ते पाणी वेगळ्या भांड्यात उकळतं, त्यात हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) पडतात, मग ते थंड होतं आणि तेव्हा कुठे यीस्ट पडतं. दारू होते ती यीस्ट पडल्यावर, आणि तोवर चोथा तबेल्याच्या टेम्पोत गेलेला असतो. म्हणजे त्या सातवाने दारूही पाहिलेली नाही आणि हॉप्सचा कडूपणाही नाही. देव्हाऱ्यापासून पाच फूट काय, नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवलात तरी हरकत नाही. यीस्ट तुम्ही पावात घालता तेवढंच, आणि त्यातून होते ती चिमूटभर दारू कोणत्याही पावात होते आणि भट्टीत बहुतेक उडून जाते.

आता वासाबद्दल. चोथा भांड्यातून निघतो तेव्हा ७० च्या वर गरम असतो, ओला असतो, गोडसर असतो. तो तसाच बंद डब्यात भरून लोकलच्या गर्दीतून घरी आणायचा म्हणजे जंतूंची पंगतच. मुंबईच्या हवेत सहा-आठ तासांत आंबायला लागतो. भाच्याला सांगा, निघाल्या निघाल्या ताटात पसरून गार करायचा, पातळ थर करून पिशव्यांत भरायचा आणि तिथल्याच डीप फ्रीजरात टाकायचा. घरी येताना बर्फाची लादी घेऊन येईल.

आणि एक विचारा: चोथा कुठल्या बिअरचा होता? तूस कवळीत गेलं म्हणता त्यावरून मला शंका आहे. गव्हाच्या बिअरमध्ये निम्मा-अर्धा गहू असतो, गव्हाला सातूसारखी टणक साल नसते, मग चिखल होऊन पाणी खाली उतरत नाही. म्हणून बरेच जण त्यात भाताचं तूस मिसळतात. तसं असेल तर तो चोथा माणसाने खाऊ नये. विषारी नाही, पण भाताचं तूस मिक्सरलाही दाद देत नाही.

जाता जाता: यावरून कोणाला घरीच बिअर करायची सुरसुरी आली तर विसरा. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे, परवान्याशिवाय गाळता येत नाही.


आजोळ_पेडणे
शनिवार, रात्री ९:२०

पाव फुगवण्यासाठी एवढी मारामारी का करताय? गोव्यात पोयी (चपटा, पोकळ पाव) मिळते ती कोंड्याचीच असते की. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून आणायचा, आम्ही पोरं हॉर्न ऐकून धावायचो. पूर्वी ती सुरेवर फुगवायचे, माडाच्या. म्हणजे तिथे दारू आणि पाव यांचं भांडण कधी नव्हतंच, उलट एकीवाचून दुसरा होत नसे. काळाचौकीच्या मातोश्रींना हे सांगू नका.

माझी रीत: चोथा आत घालतच नाही. ओटीजीत १०० वर पसरून वाळवते. तीन-चार तास लागतात, दर अर्ध्या तासाने हलवायचा. पावसात उन्हाच्या भरवशावर राहू नये, बुरशी येते. वाळला की जाडसर भरडायचा. पिठाचे चपटे गोळे करायचे आणि खालून-वरून त्या भरड्यात लोळवायचे. तापलेल्या पत्र्यावर दहा-बारा मिनिटं, टम्म फुगतात. कोंडा बाहेर राहतो, आतले धागे शाबूत. त्यात चवळीची उसळ भरून खाल्ली तर पावाची लादी विसराल.


बिनशर्त_पाठिंबा
शनिवार, रात्री ११:५०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा म्हशीला द्या आणि तिचं दूध प्या. सरळ हिशेब.


काळाचौकीकर
पुढचा रविवार, दुपारी ३:३०

बिनशर्त, तुमचा सल्ला बायकोने वाचून मोठ्याने हसून दाखवला. धन्यवाद.

बाकीच्यांना सविस्तर हकिगत. भाच्याला फोन केला: कुठल्या बिअरचा होता रे? "गव्हाच्या." तूस घालता? थोडा वेळ शांतता. "हो, एक पोतं जातं." मला का नाही सांगितलंस? "तू विचारलं नाहीस." अस्सल आमच्या घरातला आहे. म्हणजे मी आईला भाताचं तूस खायला घातलं. सातूवाले, तुमच्या पायाचा फोटो असेल तर पाठवा, घरी लावतो.

या गुरुवारी निव्वळ सातूच्या बिअरचा चोथा आला, गोठवून, रुमालात गुंडाळून. परळ ते काळाचौकी बसने, मांडी गार पडली म्हणतो. तव्याची परीक्षा केली. १०० ग्रॅमचे २३ उरले. माझं हस्ताक्षर फ्रिजवर लागलंय: "७७ पाणी". ३०० ग्रॅम पंच्यात बांधून नळाला टांगला, मग पिळला, २४० भरला. निघालेलं पाणी टाकवेना इतकं गोडसर होतं. ते पावाच्या पाण्यातच मोजून घेतलं. मैदाबाई, हे चाललं असावं, कारण रंग फार सुरेख आला.

मळण्याबद्दल बोलायलाच हवं. इतकी वर्षं मी पीठ गोळा झालं की थांबत होतो. यावेळी घड्याळ लावून बारा मिनिटं मळलं. आठव्या मिनिटाला खांदा भरून आला, बायको म्हणाली सरका, आणि तिने ते ओट्यावर असं आपटलं, ओढलं, पुन्हा आपटलं की खालच्या मजल्यावरून कोणी वर आलं नाही हेच नवल. मग सुपारीएवढा गोळा ताणून माझ्या डोळ्यांसमोर धरला. पलीकडे तिचा अंगठा आणि अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना डाग, स्वच्छ दिसत होता. "पडदा म्हणे," ती म्हणाली, "तेलपोळीची कणीक आहे ही. तीस वर्षं करते, कधी विचारलंत?"

चोथा शेवटी घातला. पहिल्या दोन मिनिटांत सगळं सुटल्यासारखं वाटतं, चिंध्या होतात, घाबरून मैद्याकडे हात जातो. घालू नका. पाच मिनिटं झाकून ठेवलं आणि आपोआप एकजीव झालं. ३ ग्रॅम यीस्टने सव्वा तास घेतला, साच्यात आणखी पन्नास मिनिटं. २२०, मग १९०. थर्मामीटर नव्हता, एकदा बुड ठोकून बघितलं, ढोलकीसारखा पोकळ आवाज आला.

दोन तास जाळीवर ठेवणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. मी खाली जाऊन पेपर घेऊन आलो, दोनदा.

कापला. तपकिरी, बारीक जाळी, मधे मधे सातवाचे ठिपके. कडेला कुरकुरीत. चव थोडी भाजक्या शेंगदाण्याकडे जाणारी, गोडूस, आणि वास तोच, हॉर्लिक्सचा, पण आता भाजलेला. लोण्याबरोबर उत्तम. लसणीच्या चटणीबरोबर त्याहून उत्तम. खालच्या बाजूला बोटभर पट्टा अजून दडपलेला आहे, पुढच्या वेळी साच्यातून काढून शेवटची पाच मिनिटं नुसता जाळीवर भाजणार.

आईला सातूवाल्यांचं सगळं वाचून दाखवलं. तिने "यीस्ट नंतर पडतं" हे दोनदा वाचायला लावलं. मग एक काप घेतला, कडा काढून चहात बुडवला. कवळी शाबूत. देव्हाऱ्याबद्दल काही बोलली नाही. पण डबा स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला सरकवलेला दिसला.

बेकरीवाल्याकडेही दोन काप नेले. खाल्ला, दुसराही खाल्ला. "अच्छा है," म्हणाला. "लेकिन किलो के भाव में नहीं बिकेगा." तो धंद्याचा माणूस, त्याचं बरोबर आहे.

पेडण्याच्या ताई, तुमच्या रीतीने पावभर चोथा वाळवून भरडला होता, पोयीसाठी. सकाळी उठून बघतो तर बायकोने त्यातला अर्धा थालीपिठाच्या भाजणीत ढकललेला. मी रागावणार होतो, पण थालीपिठं सात झाली आणि सातही गेली, त्यातली तीन माझ्याकडून. कडेने असं खरपूस फुटलं होतं की विचारू नका. पोयी पुढच्या आठवड्यात.

एक शेवटचं विचारतो. येत्या गुरुवारी स्टाउट बिअरचा चोथा येणार म्हणे, पार काळा. याचंही १२० चालेल?


सातूवाला
रविवार, सायंकाळी ५:१०

नाही. त्यात कॉफीसारखा काळा भाजलेला सातू असतो, तो पाण्यात सगळा उतरत नाही. ४०-५० च्या वर गेलात तर पाव जळल्यासारखा कडू लागेल. गूळ दुप्पट करा. थालीपिठात तर चमचाभरच.


मैदाबाई
रविवार, सायंकाळी ५:२५

आणि काळा पाव रंगावरून भाजला की नाही ते कळत नाही. काका, आता तो थर्मामीटर घ्याच.